खोट्या अफवेविरुद्धचा दावा: म्हापशातील एका वकील कार्यालयाच्या सेवेचे परीक्षण

गोव्यातील म्हापशात न्यायालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर कार्यालय असलेल्या एका महिला वकिलांनी आमच्या कुटुंबाच्या वतीने अब्रूनुकसानीचा दिवाणी दावा चालवला आणि तो तडजोडीच्या हुकूमनाम्याने निकाली निघाला. त्या कार्यालयाने दिलेल्या सेवेचे हे परीक्षण आहे. सेवा चांगली होती, असे माझे मत आहे. काही बाबतींत ती अधिक चांगली असायला हवी होती आणि त्या बाबीही मी पुढे सांगितल्या आहेत. वकिलांचे नाव मी देत नाही, कारण भारतीय वकील परिषदेच्या नियमांतील नियम ३६ प्रमाणे वकिलाने प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करायची नसते आणि आपल्या नावाने कौतुकाचा मजकूर कोठेही येऊ नये, असे त्यांनी आम्हाला आरंभीच बजावले होते. प्रतिवादीचे नावही येथे नाही, कारण माफीनामा प्रसिद्ध झाल्यानंतर दोन्ही पक्षांनी एकमेकांची जाहीर वाच्यता करायची नाही, असे तडजोडीत ठरले आहे.

प्रकरण थोडक्यात असे. माझ्या वहिनी डिचोली तालुक्यात घरगुती उद्योग चालवतात. लोणची, पापड आणि सोलां (आमसुले) वर्षभर असतात. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत नेवऱ्या (करंज्या) आणि लाडू यांच्या मागण्या येतात आणि वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्याच काळात होतो. २०२४ च्या चवथीच्या तोंडावर गावातील एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक मजकूर आणि त्यापाठोपाठ एक ध्वनिसंदेश आला. अन्न व औषध प्रशासनाने वहिनींच्या घरी छापा घालून पुन्हापुन्हा वापरलेले तेल जप्त केले आणि उद्योगाला टाळे ठोकले, असे त्यात वहिनींचे नाव घेऊन सांगितले होते. यांतील एकही गोष्ट घडलेली नव्हती. संदेश पाठवणारे गृहस्थ त्याच बाजारातील व्यापारी होते. त्यानंतर दुकानांनी माल परत केला, मोठ्या मागण्या रद्द झाल्या, आणि देवळात भेटणाऱ्या बायका वहिनींशी बोलताना अवघडू लागल्या. या शेवटच्या गोष्टीची पुरती भरपाई कोणत्याही वादपत्राने (दाव्याच्या अर्जाने) होत नाही, परंतु वहिनींना सर्वांत जास्त दुखावले ते त्यानेच.

पहिल्या भेटीत वकिलांनी जे प्रश्न विचारले, त्यांवरूनच या कार्यालयाची गुणवत्ता माझ्या लक्षात आली. आम्ही संताप घेऊन गेलो होतो. त्यांनी मात्र नेमके शब्द कोणते होते, ते कोणी वाचले किंवा ऐकले, कोणत्या तारखेला, आणि त्यामुळे कोणी काय केले, एवढेच विचारून कागदावर उतरवून घेतले. ज्याची बदनामी झाली त्याच्याखेरीज निदान एका व्यक्तीपर्यंत तो मजकूर पोहोचला पाहिजे, अन्यथा बदनामी होतच नाही, हे त्यांनी समजावले. त्यानंतर त्यांनी वहिनींना सरळ विचारले, “तुम्हाला त्या माणसाला शिक्षा झालेली हवी आहे, पैसे हवे आहेत, की गावात खरे काय ते कळायला हवे आहे?” तिन्ही गोष्टी एकाच वेळी आणि सारख्याच जोराने मागता येत नाहीत आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वहिनींनी तिसरी गोष्ट निवडली, आणि पुढचे सगळे काम त्या निवडीला धरून झाले.

रस्ते कोणते, हे त्यांनी ज्या स्पष्टपणे सांगितले, तसे मी इतरत्र ऐकले नव्हते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे जुन्या दंड संहितेतील बदनामीच्या गुन्ह्याची कलमे ४९९ आणि ५०० यांच्या जागी आता कलम ३५६ आले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, किंवा दोन्ही अशी पूर्वीसारखीच आहे. तिच्या जोडीला समाजसेवेचा नवा पर्याय आला आहे. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र असल्याने पोलीस ठाण्यात गेल्यास नोंद होते, परंतु दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. बदनामी झालेल्या व्यक्तीने स्वतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद द्यावी लागते, आणि फौजदारी कामकाजाची रीत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मधील नव्या तरतुदीमुळे दखल घेण्यापूर्वी आरोपीलाही म्हणणे मांडण्याची संधी मिळते. फौजदारी बदनामीची तरतूद घटनाबाह्य ठरवावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या प्रकरणात फेटाळली असल्याने हा मार्ग खुला आहे. परंतु त्याच्या शेवटी मिळते ती शिक्षा, आणि शिक्षेने गावातील गैरसमज पुसला जाईलच असे नाही.

दिवाणी दाव्याबाबत त्यांनी जी सूचना केली, एकट्या तिच्यासाठीसुद्धा मी या कार्यालयाचा ऋणी आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार लेखी बदनामीचा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून आणि तोंडी बदनामीचा दावा सामान्यतः शब्द उच्चारल्यापासून एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. फौजदारी फिर्यादीला तीन वर्षांची मुदत असल्यामुळे अनेकांची समजूत चुकते आणि दिवाणी हक्क हातचा जातो. वकिलाची नोटीस पाठवल्याने, तिच्या उत्तराची वाट पाहिल्याने, किंवा पंचांच्या बैठका घेतल्याने हे वर्ष थांबत नाही. आमच्याकडे गावातील ज्येष्ठांनी मध्ये पडून मिटवू, असे सांगून बराच काळ घालवला होता. वकिलांनी धारिकेच्या मुखपृष्ठावर मुदत संपण्याची तारीख लाल शाईने लिहिली आणि तिच्या पुष्कळ आधी वादपत्र दाखल होईल, असे पाहिले.

पुराव्याचे काम हा या सेवेतील सर्वांत भक्कम भाग होता. आम्ही भ्रमणध्वनीच्या पडद्याची छायाचित्रे छापून नेली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि ज्या नातेवाइकाच्या फोनवर मूळ संदेश आला होता, त्याला तो फोन न बदलण्याची, गट न सोडण्याची आणि संभाषण न पुसण्याची सूचना दिली. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या, कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग पक्षकार आणि दुसरा भाग तज्ज्ञ भरतो, आणि नोंदीत फेरफार झालेला नाही हे पडताळता यावे म्हणून तिचे हॅश मूल्य (त्या नोंदीचा जणू अंकीय ठसा) त्यात लिहावे लागते. जालन्याच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, जुन्या पुरावा कायद्याखाली, असे म्हटले होते की, मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले, तर प्रमाणपत्राची आवश्यकता राहत नाही. फोन बिघडू शकतो आणि साक्षीदार कचरू शकतो, म्हणून आमच्या वकिलांनी दोन्ही तयारी करून ठेवली. तज्ज्ञाचे शुल्क वेगळे द्यावे लागले, परंतु तो पैसा वाया गेला नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अफवेतील विधान खोटे आहे हे दाखवणारा सरकारी कागद त्यांनी मिळवायला लावला. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली वहिनींनी अर्ज केला आणि आपल्या उद्योगाची तपासणी, जप्ती किंवा बंदी यांची काही नोंद आहे का, असे विचारले. तशी नोंद नाही, असे लेखी उत्तर आले. हा साधा कागद पुढे निर्णायक ठरला. प्रतिवादीने नोटिशीला दिलेल्या उत्तरात आपण तो मजकूर स्वतः लिहिला नाही, आलेला पुढे पाठवला, आणि लोकांच्या आरोग्याच्या काळजीने पाठवला, असा पवित्रा घेतला होता. बदनामीच्या कलमाला दहा अपवाद आहेत आणि लोकहितासाठी सद्भावनेने केलेले विधान त्यांतील एका अपवादात बसू शकते. परंतु योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने सद्भावनेची ठरत नाही. त्यातच ध्वनिसंदेश त्यांच्याच आवाजात होता. ज्या गोष्टीची शहानिशा एका अर्जाने किंवा एका दूरध्वनीने झाली असती, तिची शहानिशा न करता ती स्पर्धकाबद्दल पसरवणे याला काळजी म्हणता येत नाही, हा मुद्दा वकिलांनी प्रत्युत्तरात अत्यंत संयमाने आणि एकही विशेषण न वापरता मांडला. मला तो संपूर्ण पत्रव्यवहार वाचताना अभिमान वाटला.

कोणाविरुद्ध जायचे नाही, हे ठरवण्यातही त्यांचा विवेक दिसला. आमची यादी लांब होती. गटाच्या प्रशासकाला प्रतिवादी करावे, असा घरातील तरुणांचा आग्रह होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये, गटातील सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी प्रशासकाला केवळ तो प्रशासक आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय दिलेला आहे, हे सांगून त्यांनी ते नाव काढले. संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने नव्याने प्रसिद्धी केलेली असते, त्यामुळे कायद्याने त्यांनाही ओढता आले असते. तथापि निम्म्या गावाला न्यायालयात उभे करून वहिनींचे नाव साफ होणार नाही, असे त्यांचे मत पडले आणि ते बरोबर होते. यादीत एका ग्राहक महिलेचेही नाव होते. तिने त्याच गटावर, मागच्या वेळचे लाडू खवट लागले होते, असे लिहिले होते. वकिलांनी ते वाक्य मोठ्याने वाचले आणि हे तिचे मत आहे, तिच्या जिभेचा अनुभव आहे, त्याविरुद्ध नोटीस पाठवणार नाही, असे ठामपणे सांगितले. अशिलाला हवी ती नोटीस टंकून शुल्क घेणे त्यांना सोपे होते. खोट्या आरोपाविरुद्धचा कायदा खऱ्या तक्रारीचे तोंड बंद करायला वापरला जाऊ नये, याची जाणीव असलेले वकील मिळणे मला फार मोलाचे वाटते. आज नोटिशीच्या धाकाने साधी नापसंती दडपण्याचे प्रकार इतके दिसतात की, हा नकार मला येथे ठळकपणे नोंदवावासा वाटतो.

भरपाईच्या रकमेबाबतही त्यांनी हात आखडता घेतला. मागितलेल्या रकमेवर न्यायालयीन शुल्क अवलंबून असते आणि फुगवलेला आकडा उलटतपासणीत टिकत नाही. मागण्यांची वही, यूपीआयच्या नोंदी आणि माल परत करताना एका दुकानदाराने कारण लिहून दिलेली चिठ्ठी यांवरून जेवढे नुकसान दाखवता येत होते, तेवढेच त्यांनी स्वतंत्रपणे मांडले आणि प्रतिष्ठेच्या हानीसाठी एक माफक रक्कम वेगळी मागितली. तो दुकानदार साक्षीला यायला तयार नव्हता. त्याच्यावर समन्स काढता आले असते; परंतु एकाच ग्रामदेवतेच्या उत्सवात शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसांना साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावणे काय असते, हे या भागात वाढलेल्या वकिलांना सांगावे लागले नाही.

अंतरिम मनाई हुकूम लगेच मिळेल, असे आश्वासन त्यांनी दिले नाही. सुनावणीपूर्वी बोलण्यावर बंदी घालताना न्यायालये सावध असतात आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेच्या प्रकरणात याच सावधगिरीचा पुनरुच्चार केला होता. प्रत्यक्षात प्रतिवादीच्या वकिलांनीच पहिल्या काही तारखांत, असा मजकूर पुन्हा पाठवणार नाही, असे निवेदन न्यायालयापुढे केले, त्यामुळे तो अर्ज रेटावा लागला नाही.

त्यानंतर प्रकरण मध्यस्थीकडे गेले आणि तेथे वकिलांचे कसब पुन्हा दिसले. समोरून आलेल्या पहिल्या माफीनाम्यात, कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे, असे वाक्य होते. वहिनी थकल्या होत्या आणि सही करायला तयार झाल्या होत्या. वकिलांनी त्यांना थांबवले. भावना दुखावल्या हा वाद नसून छापा पडला नव्हता, तेल जप्त झाले नव्हते, टाळे लागले नव्हते, ही तीन विधाने त्या माणसाने स्वतः नाकारली पाहिजेत, असा आग्रह त्यांनी धरला; आणि ती त्याच गटावर, लेखी तसेच त्याच आवाजात, आणि शिवाय एका मराठी दैनिकात त्याच्या खर्चाने आली पाहिजेत, अशी अट घातली. कोकणीत बोललेली गोष्ट कोकणीतच मागे घेतली जावी, हेही त्यांनीच सुचवले. भरपाईची रक्कम मागणीपेक्षा कमी ठरली. फौजदारी फिर्याद द्यायची नाही, हे वहिनींनी मान्य केले. बदनामीचा गुन्हा तडजोडीस पात्र असल्याने असे ठरवण्यात काही गैर नाही. हे सर्व खासगी करारात न ठेवता न्यायालयाच्या हुकूमनाम्यात नोंदवून घेतले गेले, त्यामुळे अटींचा भंग झाल्यास नव्याने दावा न लावता अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, आणि मनाईचा भंग करणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते किंवा त्याला दिवाणी तुरुंगातही जावे लागू शकते.

आता उणिवा. सर्व मसुदे इंग्रजीत होते. वहिनी मराठी उत्तम वाचतात, इंग्रजी त्यांना जेमतेम येते, आणि वादपत्रातील मजकूर आपल्या माहितीप्रमाणे खरा आहे, असे सत्यापन त्यांच्याच सहीने करायचे होते. आम्ही सांगितल्यानंतर सहायक वकिलांनी परिच्छेद न् परिच्छेद कोकणीत समजावून सांगितला, तेव्हा नोटिशीच्या मसुद्यात व्हॉट्सअ‍ॅप गटाचे नाव चुकल्याचे वहिनींच्याच लक्षात आले. अशी वाचणी अशिलाने मागण्याची वाट न पाहता प्रत्येक वेळी व्हायला हवी. दुसरे म्हणजे, पुढील तारखेची आठवण अनेकदा आदल्या संध्याकाळी येत असे. डिचोलीहून सकाळी स्वयंपाकघर बंद करून निघणाऱ्या बाईसाठी हे त्रासाचे आहे. वकिलांचे शुल्क टप्प्याटप्प्याने ठरले होते: पहिल्या सल्ल्याचे १,००० रुपये, नोटिशीचे ६,०००, आणि दाव्याचे वेगळे. त्यात नंतर वाढ झाली नाही, ही चांगली गोष्ट. टंकलेखन, नकला, टपाल आणि तज्ज्ञ यांचा खर्च मात्र आधी सांगितला नव्हता आणि त्याच्या पावत्या मागून घ्याव्या लागल्या. तक्रार केल्यावर त्यांनी संपूर्ण हिशेब एका कागदावर लिहून दिला. तो कागद पहिल्याच दिवशी मिळाला असता तर बरे झाले असते.

वेळ लागला, परंतु त्याचा दोष मी कार्यालयाला देत नाही. तडजोड होईपर्यंत पुढची चवथ उलटून गेली होती आणि त्या हंगामाचेही नुकसान वहिनींनी सोसले. माफीचा संदेश गटावर आल्यानंतर काही दुकानांनी लोणची पुन्हा ठेवली, काहींनी ठेवली नाहीत. ज्या महिलेच्या लाडूंविषयीच्या वाक्यावर आम्ही चिडलो होतो, तिची मागणी मात्र आली.

ज्यांना समोरच्याला तुरुंगात पाठवण्याची घाई आहे, किंवा धमकीची नोटीस देऊन पैसे उकळायचे आहेत, त्यांचे या कार्यालयात समाधान होणार नाही. ज्यांच्याजवळ मूळ संदेश आहे, तो वाचलेला माणूस आहे, आणि आपल्याला नेमके काय दुरुस्त करून हवे आहे हे ज्यांना सांगता येते, त्यांनी अशाच पद्धतीने काम करणारे वकील शोधावेत. दूरध्वनीवर पहिले वाक्य बोलताना संदेश कोणत्या तारखेला आला ते सांगावे, मूळ फोन सोबत न्यावा, आणि खर्चाचा अंदाज लेखी मागावा.